आबांच्या ट्रंकेतली संगीन

गेल्या पालकदिनी साताऱ्याकडच्या एका कॅडेटचे वडील माझ्या क्वार्टरवर चहाला आले होते. घरापासून इतक्या लांब मनसोक्त मराठी बोलायला मिळाले की चहा थंड होतो, तसा तो झाला. बोलता बोलता त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. "सर, ही जर्मन संगीन ना? आजकाल कितीला जाते?"

हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. कॅडेट विचारतात तो वेगळा असतो: "सर, हिने कोणाला मारलं होतं का?" दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर एकच असते, की वस्तू कुठून आली हे आधी पाहू. हे उत्तर मी शिकलो ते माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, ट्रंकेमुळे. त्या शिकण्यात माझ्या वडिलांशी माझा तीन महिने अबोला झाला, म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कट्यारी आणि सैनिकांच्या आठवणवस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. भाव चांगला येतो, म्हणून खोटेपणाही भरपूर. जर्मन लष्कराच्या अधिकाऱ्यांची १९३५ ची कट्यार घ्या. मुठीच्या आडपट्टीवर गरुड, पिवळसर किंवा नारिंगी मूठ, दिसायला देखणी. पण ती गणवेशाची कट्यार, समारंभात कमरेला लावायची. तरी विकणारा सांगतो की अमुक अधिकाऱ्याशी हातघाईच्या लढाईत ती हिसकावून घेतली! यातल्या बहुतेक कट्यारी झोलिंगन या पात्यांच्या गावच्या. युद्ध संपल्यावर तिथल्याच कारागिरांनी उरलेले सुटे भाग जुळवून अमेरिकन शिपायांना 'आठवण' म्हणून कट्यारी विकल्या. म्हणजे पाते खरे, मूठ खरी, गाव खरे, आणि कट्यार मात्र कोणाच्याच कमरेला कधी लागलेली नाही. पुढे तर सरळ नकला निघाल्या. त्या आपल्या देशातही घडवल्या जातात आणि बऱ्या घडवतात.

म्हणून जाणकार वस्तूबरोबर कागद मागतात. अमेरिकन शिपायाला लुटीतली वस्तू घरी न्यायला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला लागे. असा दाखला जोडीला असेल तर तीच कट्यार वेगळी ठरते. अर्थात दाखलेही खोटे बनवतात, ती गोष्ट निराळी.

आमच्या घरी दाखला नव्हता, गोष्ट होती. आबा मराठा पलटणीत, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर दसऱ्याला ट्रंक उघडून संगीन काढायचे, तिला हळदकुंकू लावायचे आणि सांगायचे, "केरेनच्या डोंगरावर आबांनी जर्मनाच्या हातातनं ही घेतली." आम्ही भावंडे तोंडाचा आ करून ऐकायचो. मी सैन्यात गेलो त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

निवृत्तीनंतर इथे शिकवायला लागलो तेव्हा अण्णांनी ती ट्रंक मला दिली. (पालकांसाठी एक सूचना: संगीन हे शस्त्र नियमांत नावानिशी आलेले हत्यार आहे. घरात अशी वस्तू असेल तर आधी जिल्हा कार्यालयात विचारा. मीही विचारले होते.) एका रविवारी भिंग घेऊन बसलो. पाते साधारण २५ सेंटिमीटर, मूठ तांबूस बेकेलाइटची. पात्याच्या मुळाशी तीन लहान रोमन अक्षरे, 'सी ओ एफ', आणि शेजारी ४३. १९४० पर्यंत जर्मन कारखानदार संगिनीवर आपले पूर्ण नाव ठोकत. नंतर शत्रूला कारखाना कळू नये म्हणून तीन अक्षरी सांकेतिक खुणा आल्या. 'सी ओ एफ' ही झोलिंगनच्या कार्ल आइकहॉर्न यांची खूण. ४३ म्हणजे १९४३.

केरेनची लढाई १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमधली. तिथे आपल्या पलटणींसमोर होती ती इटालियन फौज. म्हणजे ही संगीन केरेनला असूच शकत नव्हती.

आबांची पदके काढली. आफ्रिका स्टार होता, म्हणजे केरेन खरे. पण शेजारी इटली स्टारही होता, त्याच्या मागे त्यांचा नंबर आणि नाव. तिसरी बटालियन १९४४ साली इटलीत लढली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो घेतला आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. आबा त्याच खोऱ्यात होते. संगीन तिथली, किंवा त्यानंतरच्या पुढच्या वाटचालीतली.

मी अण्णांना फोन केला. मला वाटले होते, ते खूश होतील. ते म्हणाले, "मग काय, आबा खोटं बोलले?" मी म्हणालो, आबा काय बोलले ते आपल्याला ठाऊकच नाही, तुम्ही जे ऐकलंत ते ठाऊक आहे. हे बोलायला नको होते. फोन ठेवला गेला.

आणि ट्रंकेत आणखी एक गोष्ट होती. तळाशी, जुन्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, जस्ताची लंबगोल पट्टी. मधोमध आडव्या फटी. वरच्या अर्ध्या भागावर आणि खालच्या अर्ध्या भागावर एकच मजकूर: तुकडीची आद्याक्षरे, एक आकडा, रक्तगट. नाव नाही. ही जर्मन शिपायाची ओळखपट्टी. तिची रचना समजून घ्या, कारण कोणत्याही कट्यारीपेक्षा ती मला जास्त शिकवून गेली. शिपाई मेला की त्या फटीवर पट्टी मोडायची. खालचा तुकडा तुकडीकडे, तिथून बर्लिनच्या नोंदवहीत. वरचा तुकडा देहाबरोबर पुरायचा, म्हणजे पुढेमागे कोणी कबर उघडली तर आकड्यावरून नाव सापडेल.

आमची पट्टी मोडलेली नव्हती, अखंड होती.

आठवणवस्तू म्हणून अखंड पट्टीला बाजारात मागणी आहे. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पट्टी कैद्याकडून आली असेल, वाटेत पडलेली मिळाली असेल, किंवा गळ्यातून काढलेली असेल. तिसरे असेल, तर तो माणूस कुठेतरी निनावी पडला आहे, आणि त्याचे नाव आमच्या ट्रंकेत ऐंशी वर्षे आहे. इटलीत फ्लोरेन्स आणि बोलोन्यादरम्यान फुता खिंडीत जर्मन सैनिकांचे मोठे कबरस्थान आहे, तीस हजारांहून जास्त कबरींचे. सगळ्या दगडांवर नावे नाहीत. आणि आपले नाईक घाडगे? त्यांचीही कबर ज्ञात नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे, तेवढेच.

दिवाळीला गावी गेलो. अण्णांसमोर पट्टी ठेवली आणि तिची रचना सांगितली, संगिनीचे नाव काढले नाही. ते बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही आबा देव्हाऱ्याजवळ ठेवू द्यायचे नाहीत. संगीन चालायची, ही नाही. आई एकदा घासायला गेली तर ओरडले होते." इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. कदाचित मीच कधी विचारले नव्हते.

त्या ओळखपट्ट्यांच्या नोंदी आता जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. पट्टीची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, तिचे माप आणि एक पानाचे पत्र मी तयार केले. पत्रात आबांची बटालियन, इटलीतला काळ, आणि वस्तू घरात कशी राहिली एवढेच लिहिले. ती कशी मिळाली, या प्रश्नापुढे 'माहीत नाही' असे लिहिले. अण्णांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि खाली स्वतःचीही सही केली, 'सैनिकाचा मुलगा' म्हणून.

कपाटातल्या संगिनीखाली आता नवे लेबल आहे. पात्यावर काय ठोकले आहे ते वर, पदकांवरून काय कळते ते मधे, आणि सगळ्यांत खाली 'घरात सांगितली जाणारी गोष्ट' म्हणून केरेन. ती ओळ काढायची नाही, अशी अण्णांची अट होती आणि ती मला मान्य आहे. शेजारी पट्टीची जागा मोकळी ठेवली आहे. ती मी कपाटात मांडलेली नाही.

पत्र टाकून दोन महिने झाले. अण्णा दर रविवारी फोन करतात, आधी नातवंडांची चौकशी करतात आणि मग विचारतात, "बर्लिनहून काही आलं का?"