शिडी धरावी की उचलावी?

जर्मनीत नेकार नदीच्या काठी ट्यूबिंगेन नावाचे टुमदार शहर आहे. तेथील विद्यापीठ १४७७ सालचे. ब्योटलिंक यांच्याबरोबर संस्कृतचा महाकोश रचणारे रुडॉल्फ रोट याच विद्यापीठात शिकवीत. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरला हे तीर्थक्षेत्रच! पण तेथला पहिला धडा मला मिळाला तो शिडीवर चढलेल्या एका आजीबाईंकडून.

मी उतरलो होतो त्या घरामागे सफरचंदाची झाडे होती. एके सकाळी घरमालकीणबाई शिडी लावून वर चढल्या आणि मला काहीतरी म्हणाल्या. त्यातला ‘हेबन’ एवढा शब्द मी ओळखला. माझ्या पुस्तकी जर्मनमध्ये ‘हेबन’ म्हणजे उचलणे. मी आज्ञाधारकपणे शिडी उचलू लागलो! वरून किंकाळी आली, पाठोपाठ चार सफरचंदे माझ्या टाळक्यावर. शेजारचे गृहस्थ धावले आणि त्यांनी शिडी घट्ट धरली, म्हणून आजीबाईंची हाडे शाबूत राहिली. तिकडच्या श्वाबी बोलीत ‘हेबन’ म्हणजे धरणे. उचलायचे असेल तर ‘लुप्फन’ म्हणायचे.

‘खेड्यापाड्यांत शब्द बिघडायचेच,’ अशी मी मनाची समजूत घातली आणि दुपारी ग्रंथालय गाठले. हेर्मान फिशर यांचा श्वाबी कोश (१९०४–१९३६) आणि व्युत्पत्तिकोश शेजारी शेजारी उघडले, अन् वरमलो. ‘हेबन’चा मूळ अर्थच मुळी पकडणे, हाती घेणे! लॅटिन ‘कापेरे’ हे त्याचे भावंड; याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे जर्मन घराण्यात ‘क’चा ‘ह’ झाला. ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘हाबन’ही त्याच मुळाचे. लॅटिन ‘हाबेरे’ मात्र दिसायला जुळे, नात्याने परके. वस्तू आधी हाती धरायची, मगच उचलायची. आजीबाईंचा अर्थ मुळाला माझ्या अर्थाहून जवळचा होता.

तेव्हा मला वऱ्हाडातला एक विद्यार्थी आठवला. त्याने निबंधात ‘आई वाट पाहून राहिली’ असे लिहिले होते. मी ते लाल पेन्सिलीने खोडले, वर्गात वाचून दाखवले, पोरे हसली. त्यानंतर वर्षभर तो वर्गात बोलला नाही.

संध्याकाळी आजीबाईंनी पुन्हा शिडी लावली. मी न सांगता पुढे झालो आणि ती दोन्ही हातांनी धरली. घरी परतल्यावर त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले: ‘सर, आई अजून वाट पाहून राहिली आहे. एकदा घरी या.’