गरम मशीन

आमच्या होडीचं मशीन सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला उठायचं. बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा दोरी ओढली, की मात्र ढिम्म. तेही मे महिन्यात, भर दुपारी. देवबागला ज्यांच्याकडे आउटबोर्ड होती, त्यांना हे दुखणं नवं नव्हतं.

काका कार्बोरेटर म्हणायचे नाहीत, ‘वाटी’ म्हणायचे. मशीन चालू असताना खालून खाडीचं पाणी वर चढतं, अंग थंड ठेवतं आणि मागच्या भोकातून बारीक धारेने पडतं. बंद केलं की ती धार थांबते, पण लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती वर वाटीत चढते, पेट्रोल उकळायला लागतं, नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. “टोप चुलीवरसून उतरलो, तरी चाय घटकाभर उकळतच रवता,” काका सांगायचे. आमचं मशीन पेट्रोलवर उठून मग रॉकेलवर चालणारं. बंद करण्याआधी ते पुन्हा पेट्रोलवर आणावं लागे, नाहीतर वाटीत रॉकेल राहून गरम काय, थंडही उठत नसे.

एकदा लग्नाहून भोगव्याकडून परत येत होतो. होडीत आजी, दोन आत्या, लहान पोरं. जाळ्याचा तुकडा पंख्याला गुंडाळला म्हणून मशीन बंद करून सोडवला. मग उठेना. सुकती जोरात होती आणि कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे रेतीच्या दांड्यावर लाटा फुटताना पांढऱ्या दिसत होत्या. होडी तिकडेच सरकत होती. चुलतभाऊ चोक ओढून दोरीवर दोरी मारत सुटला.

“आधी नांगर टाक! दोरी मगे,” काका ओरडले. नांगर थोडा फरफटला, मग धरला. तेव्हा कुठे काका मशीनकडे वळले. चोक आत ढकलला, वरचं झाकण काढलं, पंचा भिजवून पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर गुंडाळला. भिजवला तो खाडीच्या नाही, कळशीतल्या पिण्याच्या पाण्याने. खारं पाणी मशीनच्या वरच्या अंगाला ते लागू देत नसत.

आजी म्हणाली, “पाणी माणसांनी पिवचा काय मशिनीन?”

“आये, आधी ह्येका पाजतंय, मगे तुका.”

पंचा दोनदा भिजवला. धाकटी आत्या देवाचं नाव घेत होती, पोरं मात्र खेकडे दिसतात का बघत होती. वीसेक मिनिटांनी काकांनी नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि स्वतः दोरी ओढली. चौथ्या खेपेला निळा धूर ओकत मशीन उठलं. काकांनी आधी मागची धार पडते का ते पाहिलं, मग नांगर काढायला सांगितलं.

कळशीत तळाशी दोन पेले पाणी उरलं होतं. ते आजीने पोरांना दिलं आणि देवबागच्या धक्क्यापर्यंत काकांशी एक अक्षर बोलली नाही.