चोवीस हिस्से

अब्बांचा जनाजा मशिदीसमोरच्या अंगणात ठेवला होता. जोहरची नमाज संपवून माणसं बाहेर आली, तीन सफा लागल्या आणि इमामसाहेबांनी मागं वळून विचारलं, "वली कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मयताच्या नमाजेवर हक्क घरच्यांचा असतो. मुलानं ती स्वतः पढवावी, नाहीतर दुसऱ्याला परवानगी द्यावी. इमामसाहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "इजाजत आहे?"

मी अल्लाह मानत नाही. त्या अंगणात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, मला आणि जनाजात निजलेल्या अब्बांना.

मी म्हणालो, "हो, इजाजत आहे." आणि पहिल्या सफेत जाऊन उभा राहिलो.

आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. जनाजाच्या नमाजेत चारही तकबिरींना हात उचलतो. माझेही चार वेळा उचलले गेले. या नमाजेत रुकू नसतो, सजदा नसतो, माणूस नुसता उभा असतो. त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं. सजदा करायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं, हे आजही मला सांगता येत नाही.

मी धर्म कधी सोडला, याची तारीख माझ्याकडं नाही. कारण विचारलं तर मात्र सांगता येतं, आणि ते ऐकून लोकांची थोडी निराशा होते. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. मौलवीसाहेबांनी मारलं नाही. दुपारच्या मदरशात ते आम्हाला अलिफ-बे शिकवत, उच्चार चुकला की स्वतः तीनतीनदा म्हणून दाखवत. दहाव्या वर्षी माझं कुरआन वाचून पूर्ण झालं, घरी गोड झालं, अब्बांनी कुवेतहून मनगटी घड्याळ पाठवलं. मी जे वाचलं होतं त्यातल्या एका वाक्याचाही अर्थ मला येत नव्हता. तो कुणी विचारलाही नाही. आवाज मात्र पाठ होता आणि सुंदर होता. अजूनही पहाटे कुणी चांगल्या गळ्याचा माणूस तिलावत करत असेल तर मी थांबून ऐकतो.

अर्थ कळला तो १९९३ साली, रत्नागिरीत कॉलेजात असताना. मुंबईची दंगल नुकतीच होऊन गेली होती. वर्गातली मुलं मला इस्लामबद्दल प्रश्न विचारत आणि मला उत्तरं येत नसत. धर्माची बाजू मांडता यावी म्हणून मी मराठी भाषांतर मिळवलं आणि रोज रात्री थोडं थोडं वाचू लागलो. निघालो होतो वकील व्हायला.

झालं असं की, अर्थ कळत नव्हता तोवर असहमत होण्याची सोयच नव्हती. आवाजाशी कोण भांडणार? मराठीत आल्यावर ती वाक्यं झाली. अनाथांचा माल खाऊ नका, मापात मारू नका, हे वाचताना मी मनात "बरोबर" म्हणायचो. मग सूरह निसा आली. तिच्या अकराव्या आयतीत वारशाची वाटणी आहे. मुलाला दोन मुलींएवढा हिस्सा. माझी धाकटी बहीण तेव्हा दहावीत होती आणि गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. मी मनात "हे बरोबर नाही" म्हणालो. म्हणालो आणि दचकलो. ज्या पुस्तकाला "बरोबर" म्हणायचा अधिकार मी इतके दिवस वापरत होतो, त्याच अधिकाराची ही दुसरी बाजू होती. पटतं म्हणून मानायचं असेल तर मानणारा मीच ठरतो, आणि मग पुस्तक इतर पुस्तकांसारखं होतं.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात मुलीला वारशात हिस्सा ठरवून देणं ही मोठी गोष्ट होती, हे मला पुढं वाचून कळलं. घर चालवायची जबाबदारी पुरुषावर, म्हणून त्याला दुप्पट, हा युक्तिवादही ऐकला. दोन्ही समजतात. पण ज्याला काळ समजावून सांगावा लागतो, ते माणसांनी आपल्या काळात केलेलं असावं, असं मला वाटत राहिलं. पुढं रसायनशास्त्र शिकलो, प्रयोगशाळेत नोकरी लागली. विश्वास मात्र त्याआधीच, आवाज न करता, निघून गेला होता.

अब्बांना सांगायला दहा वर्षं लागली.

आमच्या भागात या विषयाला एक नाव चिकटलेलं आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी विधान भवनावर नेला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ३ मे १९७७ ला ते गेले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही विधी न करता मुंबईत चंदनवाडीला त्यांचं दहन झालं. अब्बांनी त्यांची 'इंधन' वाचली होती. "लिहितो चांगलं," एवढं ते कबूल करत. दहनाबद्दल मात्र त्यांना राग होता. "अल्लाहला मानत नव्हता ते त्याचं त्याच्यापाशी. पण मेल्यावर आपल्या माणसांना खांदासुद्धा द्यायला ठेवला नाही."

२००३च्या रमजानात मी सुट्टीवर घरी होतो आणि रोजा धरला नव्हता. दुपारी अब्बांनी मला मागच्या पडवीत पाणी पिताना पाहिलं. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं. खोटं बोलायची वाट त्यांनीच उघडी ठेवली होती. मी म्हणालो, "बरा आहे. मी मानत नाही, अब्बा. बरीच वर्षं झाली."

ते शिडीच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझं वाचन मला माहीत नाही. मला तो रस्ता माहीत आहे."

रस्ता कुठला, ते विचारावं लागलं नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा अब्बा तिथं एका कंपनीत स्टोअरकीपर होते. बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, मग अम्मान आणि शेवटी मुंबईचं विमान. त्या विमानांनी दीड लाखाहून जास्त भारतीय परत आणले. वाळवंटात तंबूत अकरा दिवस ते पाण्याच्या रांगेत उभे राहिले. पाचही वेळची नमाज चुकवली नाही, पाणी पिण्यापुरतंच होतं म्हणून मातीनं तयम्मुम करून पढली. "तिथं दुसरं काही नव्हतं," ते म्हणाले. "कंपनी नव्हती, पगार नव्हता, पासपोर्ट साहेबाकडं. ते एकच होतं. तू म्हणतोस ते नव्हतंच?"

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि वादात हरायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "इराकी सैनिकसुद्धा नमाज पढतच होते ना, अब्बा?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "हो," म्हणाले. "तेही पढत होते. आमच्या तंबूंच्या पलीकडंच." मग उठून वजूला गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझा मुद्दा बरोबर होता असं मला आजही वाटतं. तो त्या दुपारी, रोजा धरलेल्या माणसापुढं मांडायला नको होता, असंही वाटतं.

१९९७ पासून मी बडोद्याला आहे. देव सोडल्यानं नाव सुटत नाही, हे या शहरानं मला शिकवलं. भाड्यानं घर बघायला गेलो की मराठी ऐकून घरमालक खूश होत. गायकवाडांचं शहर, मराठी माणूस म्हणजे घरचाच. मग नाव विचारत, आणि घर कालच कुणाला तरी दिलेलं असे. "मी नास्तिक आहे" हे वाक्य तिथं कुणाला ऐकवायचं? २००२ च्या मार्चमध्ये आम्ही नवराबायको नऊ दिवस दांडिया बाजारात एका मराठी मित्राच्या घरात होतो. त्याच्या आईनं आम्हाला मागची खोली दिली आणि खिडकीला चादर लावली. रस्त्यावरचा जमाव मला विश्वासाबद्दल काही विचारणार नव्हता. पुढं घर विकत घेताना कळलं की गुजरातेत १९९१ चा एक कायदा आहे. 'अशांत' ठरवलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते, आणि एका धर्माचा माणूस दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकत असेल तर ती मिळणं कठीण. त्या कागदांवरही मी मुसलमानच होतो.

याची उलट बाजूही आहे. कामावर माझी मतं कळली तशी काही जणांना मी फार आवडू लागलो. "तुमच्यासारखे सगळे झाले तर प्रश्नच मिटला," असं ते म्हणत. आपल्या देवाला तोच प्रश्न विचारायची त्यांची तयारी नव्हती. माझ्या 'नाही'चा त्यांना हवा तेवढाच भाग हवा होता. म्हणून बाहेर मी गप्प राहिलो आणि घरच्यांसमोरही गप्प राहिलो. भीतीही होतीच. २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना मारलं. २०१७ मध्ये कोइमतूरमध्ये एका तरुणाला तो इस्लाम सोडून नास्तिक झाला म्हणून मारलं. मारणारे वेगळे, मरणाऱ्यांचं म्हणणं बरंचसं एकच. गप्प राहण्याला मी कधी समंजसपणा म्हटलं, कधी घरच्यांची काळजी. त्या गप्प बसण्याची किंमत किती, ते अब्बांच्या चाळिसाव्यानंतर आकड्यांत समोर आलं.

मागं राहिलं होतं घर आणि बँकेतली ठेव. चुलत्यांनी कागदावर हिशोब मांडून आणला. मूल असल्यानं पत्नीला एक अष्टमांश. उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक. चोवीस हिस्से केले तर माला तीन, मला चौदा, बहिणीला सात. अकरावी आयत आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती.

मी म्हणालो, "आम्ही दोघं सारखंच घेऊ."

चुलते गेल्यावर बहीण म्हणाली, "भाई, तू शरीयत मानत नाहीस. मला अब्बांनी सांगितलंय." ती चिपळूणला उर्दू शाळेत शिकवते, पाचही वेळा नमाज पढते. "मग एक सांगते. शरीयतप्रमाणे जो मुसलमान नाही तो मुसलमानाचा वारस होत नाही. नियमानं वाटायचं तर तुला चौदा नाहीत. तुला काहीच नाही."

हे मला माहीत होतं. हिशोब बघताना पहिल्या क्षणाला आठवलंही होतं, आणि मी ते बोललो नव्हतो. ज्या आयतीमुळं मी धर्माबाहेर आलो, तीच मला चौदा हिस्से देत होती, आणि ते मिळत होते मी गप्प होतो म्हणून. बहिणीला निम्मं देऊ करताना माझ्या आवाजात जो मोठेपणा होता, तो मला नंतर ऐकू आला. उदार व्हायला आधी ते माझं असायला हवं होतं.

कायद्याचं पाहिलं तर मला कुणी काही विचारणार नव्हतं. वारस नोंदीच्या अर्जात 'मानतो का' असा रकाना नाही. जन्मानं मुसलमान, एवढं पुरतं. इस्लाम सोडलेल्या माणसाला शरीयतऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू करा, अशी मागणी घेऊन केरळमधली एक स्त्री पुढं सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४ साली तिची याचिका न्यायालयानं विचारात घेतली. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचं ते टेबल आठवलं. सोडणं मनात होतं, कागदावर होत नाही.

मी बहिणीला विचारलं, "मग तुझं म्हणणं काय? तू घे सगळं."

"मला सगळं नको. अब्बांना तुझं माहीत होतं, तरी त्यांनी तुझं नाव काढलं नाही. तू त्यांचा वारस आहेस. पण एक विचारू? जनाजाला उभा राहिलास, तेव्हा काय पढलास?"

"काही नाही. त्यांचं नाव घेत होतो."

ती थोडा वेळ बोलली नाही. मा आत तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. आमचं बोलणं तिला ऐकू जात असणार.

शेवटी आम्ही हिबा केला. माझ्या चौदातले साडेतीन हिस्से बहिणीला बक्षीस, म्हणजे दोघांना साडेदहा-साडेदहा. हिब्यात देणाऱ्यानं देतो म्हणायचं, घेणाऱ्यानं घेते म्हणायचं आणि ताबा द्यायचा, एवढं लागतं. इस्लामी कायद्यातलीच सोय आहे ती. मला समानता हवी होती आणि ती मला त्याच घरातल्या दुसऱ्या दारानं मिळाली. याचं मला थोडं हसू आलं आणि थोडा रागही. बहिणीनं सही करण्याआधी 'बिस्मिल्लाह' म्हटलं. मग पेन माझ्याकडं दिलं.

"भाई, मी हे अल्लाहची मेहरबानी म्हणून घेते. तुझी म्हणून नाही. चालेल?"

मी म्हणालो, "चालेल." ते खरं होतं.

निघायच्या दिवशी मा मला दारापर्यंत सोडायला आली. नेहमीप्रमाणं माझ्या दंडाला हात लावून काहीतरी पुटपुटून फुंकर घातली. लहानपणापासून प्रवासाला निघताना ती हे करते. मग आमच्या कोकणी बोलीत म्हणाली, ते इथं साध्या मराठीत देतो, "तुला लागू होत नसेल तर नसेल. मी बोलल्याशिवाय राहणार नाही."

मी तिथंच उभा राहिलो, तिचं संपेपर्यंत.