सुपातले खडे

आजी तांदूळ निवडायला बसायची ती पडवीच्या दारातल्या उजेडात. दुपार कलली की ऊन तिरपं होऊन उंबरा ओलांडायचं आणि तिच्या मांडीवरच्या सुपात येऊन बसायचं. पौडजवळचं गाव, मुळशीच्या मातीतला आंबेमोहोर; नुसता मुठीत धरला तरी मोहोराचा पुसट वास यावा असा. आधी पाखडणं. सूप उसळायचं, तांदूळ क्षणभर हवेत तरंगायचे, कोंडा वाऱ्यावर जायचा आणि दाणे सरसरत पुन्हा सुपात उतरायचे. मग निवडणं. तिची नजर तांदळावरून अशी फिरायची, की तिला तांदूळ दिसतच नसावेत. दिसायचा तो खडा. बोटाच्या टोकानं ती तो उचलायची आणि उंबऱ्याच्या कडेला ठेवायची. एकामागून एक.

काही न बोलता.

आमचं ऑफिस हिंजवडीत. हिंजवडीही मुळशी तालुक्यातलीच. म्हणजे आजीच्या आंबेमोहोराची आणि माझ्या कोडची माती एकच. सहाव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून माणच्या बाजूला भाताचा एक तुकडा अजून दिसतो. आषाढात तिथे लावणी चालते, गुडघाभर चिखलात वाकलेल्या पाठींवर पाऊस कोसळत असतो, आणि इकडे काचेच्या आत, त्या पावसाचा आवाजही पोचू नये अशा थंडाव्यात, आम्हीही आपापल्या पडद्यांपुढे वाकून ओळी लावत असतो. नवी ओळ हिरवी दिसते, काढलेली तांबडी. संध्याकाळी दिवे लागले की बाहेरचं हिरवं आणि आतलं हिरवं काचेवर एकमेकांत मिसळतं, आणि कुठलं शेत कुठलं, हे सांगता येत नाही.

आमच्याकडे कुणाचीही ओळ थेट पुढे जात नाही. ती आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायची असते. रिव्ह्यू. म्हणजे निवडणंच की. माझे रिव्ह्यू ज्याच्याकडे जायचे तो वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. कानांवर हेडफोन, नजर पडद्यात, सकाळच्या स्टँडअप बैठकीला मोजून तीन वाक्यं. कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मराठी माणसं असली की दुसऱ्याच दिवशी अरे-तुरे सुरू होतं. त्याच्याशी बोलताना मात्र माझी जीभ ‘तुम्ही’वरून हलली नाही. त्या ‘तुम्ही’त आदर थोडा होता, अंतर फार.

माझ्या पहिल्याच कामावर त्याच्या एकेचाळीस कमेंट आल्या. ‘नको.’ ‘का?’ ‘लिहिण्याआधी वाच.’ ‘हे कुणी लिहिलं?’ माझं नाव वर स्पष्ट दिसत असताना, हे कुणी लिहिलं. शब्द इंग्रजीत असायचे, पण मनात ते मराठीत उतरायचे आणि मराठीत जास्त लागायचे. पुढे पुढे कमेंट आल्याचा तो बारीकसा आवाज झाला तरी पोटात काहीतरी आवळायचं. रात्री पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात त्याला उत्तरं द्यायचे, इतकी नेमकी, इतकी धारदार, की तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला की मगच भान यायचं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, तसं टीममध्ये चालायचं. ज्याचा रिव्ह्यू त्याच्याकडे गेला तो गप्प, बाकीचे कॅन्टीनमध्ये त्याची नक्कल करून हसणारे. मीही हसले आहे त्यात. त्या हसण्यानं एकाही दिवसाचं ओझं कमी झालं नाही.

मग ती संध्याकाळ आली. दुकानदारांच्या बिलांचा हिशेब ठेवणारा एक भाग मी लिहिला होता. त्यातली रक्कम दशांशात ठेवली होती. साडेबारा रुपये म्हणजे 12.5, इतकं साधं. त्यावर कमेंट आली: ‘नको. पैसे असे ठेवत नाहीत.’ बस्स, एवढंच. प्रोग्रॅम चालत होता, सगळ्या चाचण्या पार झाल्या होत्या, आणि तरी नको. त्या दिवशी माझ्यात काहीतरी तुटलं. मला त्याची एक चूक हवी होती. एकच, पण खणखणीत. चारचौघांत दाखवता येईल अशी.

ती शोधायची सोय, कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या आमच्या गिटमध्ये आहे. एक आज्ञा दिली की जुन्यातल्या जुन्या फाइलमधली प्रत्येक ओळ आपल्या कपाळावर नाव घेऊन उभी राहते: कुणी लिहिली, कोणत्या दिवशी, किती वाजता. त्या आज्ञेचं नावच ब्लेम. दोष. सगळे घरी गेले होते, दिव्यांच्या रांगा एकेक करून मिटत होत्या, काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते आणि मी पडद्याच्या निळसर उजेडात नऊ वर्षांपूर्वीच्या ओळी चाळत होते. आजीसारखीच, तांदूळ न बघता, फक्त खडा शोधत.

सापडला.

त्याच हिशेबाची पहिली आवृत्ती. रक्कम दशांशात. ओळीपुढे नाव त्याचं. माझी चूक, अक्षरन् अक्षर माझी चूक, त्यानं माझ्या आधी करून ठेवली होती. आणि काही आठवड्यांनंतरची त्याचीच दुरुस्ती, वेळ पहाटेची 3:52, सोबत दोन छोटी वाक्यं: माझी चूक. आता सगळं पैशांत, पूर्णांकात.

मी त्या वेळेकडे बघत राहिले. पहाटेचे 3:52. त्या वेळी जागा असलेला माणूस कसा दिसत असेल? त्याच्या टेबलावरही असाच निळा उजेड असेल. जी चूक पेटवून हातात धरायला मी निघाले होते, ती हातात आली तेव्हा नुसती कोमट होती.

मग मी संगणकाला विचारलं, 0.1 आणि 0.2 मिळून किती? उत्तर आलं: 0.30000000000000004. दशांश चिन्हानंतर सतराव्या घरात एक चार. आपल्या दशमान लेखनात एक तृतीयांश जसा कधी पुरा लिहून होत नाही, तसा संगणकाच्या शून्य-एकच्या लेखनात एक दशांश पुरा होत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि तुटल्या जागी कण उरतो. तांदळाच्याच रंगाचा खडा. डोळ्यांना न दिसणारा, दाताखालीच येणारा.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी गेले. भांडायला गेले होते की विचारायला, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

“हे तुमचंच ना?”

त्यानं हेडफोन काढले. बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. “हो. एका दुकानदाराचा हिशेब रोज एक-दोन पैशांनी चुकायचा. रोज फोन करायचा बिचारा. दोन पैसेच. पण त्याचा गल्ला होता तो.”

“मग मला एवढं सांगितलं असतंत तर?”

“नको म्हणून लिहिलं होतं की.”

“‘नको’मध्ये हा दुकानदार नव्हता.”

तो गप्प झाला. बाहेर सर जोरात आली, काचेवर पांढरा पडदा धरला. मग खाली बघत म्हणाला, “लिहिताना समोर तू दिसत नाहीस. ओळ दिसते.”

समोर तू दिसत नाहीस.

इतकी वर्षं मी ज्याला तुच्छता समजत होते ती तुच्छता नव्हती, नजर होती. खड्यावर खिळलेली, दाण्यांना पारखी झालेली नजर. त्यानं शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि मला धाहरानची गोष्ट सांगितली. सौदी अरेबिया, 25 फेब्रुवारी 1991. पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या तळावरचा संगणक सेकंदाच्या दहाव्या भागांनी वेळ मोजत होता. तोच एक दशांश, तोच तुटलेला कण. सुमारे 100 तास यंत्रणा सलग चालू होती आणि कण साचत साचत एक तृतीयांश सेकंदाएवढे झाले होते. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही. 28 अमेरिकी सैनिक गेले. हे सांगताना त्याचा आवाज वेगळाच होता. कमेंटमध्ये मी कधी न ऐकलेला, भ्यालेला आवाज. रिव्ह्यूच्या त्या छोट्या चौकटीत त्याची भीती मावत नव्हती. तिथे फक्त ‘नको’ मावायचं.

उठताना माझ्या तोंडून सहज गेलं, “जेवलास का तू?”

तू. दोघांनाही तो ऐकू आला. दोघांनीही तो राहू दिला.

ज्या गिटमध्ये मी त्याचा दोष शोधला, ते लायनस टोरवाल्ड्सनं 2005 साली घडवलं. त्याच्या पत्रांची धार जगभरच्या प्रोग्रॅमरांना ठाऊक होती. सप्टेंबर 2018 मध्ये त्यानं जाहीर पत्र लिहिलं, आपल्या घणाघाती शब्दांबद्दल माफी मागितली आणि माणसांच्या भावना समजून घ्यायला काही दिवस कामापासून बाजूला झाला. इतक्या मोठ्या माणसालाही थांबावं लागलं, हे मला कितीतरी दिवस धीर देत राहिलं. आणि गिटच्या आधीपासून चालत आलेल्या सबव्हर्जन या प्रणालीत एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. तिथे ब्लेम ही आज्ञा आहे, आणि तिचंच दुसरं नाव आहे प्रेज. दोष म्हणा की कौतुक म्हणा, यादी तीच येते. तीच नावं, तेच दिवस.

बदलतो तो फक्त विचारणाऱ्याचा हेतू.

त्या दिवसानंतर माझे रिव्ह्यू करणारा तो काही गोड झाला नाही. माणसं अशी एका पावसात विरघळत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून एक साधा नियम केला: पाचपेक्षा जास्त कमेंट होणार असतील तर लिहायचं नाही, खुर्ची ओढून शेजारी बसायचं. तो नियम त्यानं बहुतेक वेळा पाळला. जेव्हा पाळला नाही तेव्हा मी तोंडावर सांगितलं, एकदा टीम लीडसमोरही सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज कापला तरी थांबले नाही. कारण समजून घेणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. माझ्या आधी त्याच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी टीम सोडून गेली होती. तिला ती पहाट कुणी दाखवली नाही, तिच्यासाठी कुणी खुर्ची ओढली नाही. माझ्या वाट्याला आलेली संध्याकाळ तिच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि हे त्याच्या नेकीनं भरून निघत नाही.

आता माझ्याकडेही रिव्ह्यू येतात. नजर माझीही निवडायला बसली आहे, तिलाही दाणे कमी आणि खडे जास्त दिसू लागले आहेत. अशा वेळी पडवीतलं ते तिरपं ऊन आठवतं. इतकी वर्षं आजीला बघितलं, पण खडा दिसला म्हणून ती तांदळावर रागावली, की ज्यानं तो दळण-कांडणातून आणला त्याच्यावर, असं एकदाही आठवत नाही. घरातल्या कुणाच्या दाताखाली येऊ नये, एवढ्यासाठी ती खडा काढायची आणि बाजूला ठेवायची. खडा निवडायचा असतो. मारायचा नसतो.

गेल्या मंगळवारी टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलाचा कोड वाचत होते. रक्कम दशांशात होती. बोटं आपोआप चालली आणि त्या ओळीखाली उमटलं: नको.

मी ते खोडलं, खुर्ची उचलली आणि त्याच्या टेबलाकडे गेले.