लोकसेवेची सनद

आपल्या घरातील तरुण मुले कोणाचा आदर करतात, यावरून त्यांच्या मनाची ओढ ओळखता येते. कोणाच्या खोलीत खेळाडूचे चित्र असते, कोणाच्या वहीत नटाचे. राजकारणी माणसाचे चित्र मात्र हल्ली सहसा दिसत नाही. ‘राजकारण’ हा शब्दच आपण नाक मुरडून उच्चारतो. घरातल्या हेव्यादाव्यांनाही तेच नाव देतो. अशा दिवसांत सतरा-अठरा वर्षांची मुलगी एखाद्या नगरसेवकाला आदर्श मानू लागली आणि ‘मला असेच काम करायचे आहे, म्हणून मी कायदा शिकणार’ असे म्हणू लागली, तर घरच्यांनी आनंद मानावा की काळजी करावी? हा प्रश्न आमच्या कुटुंबात उभा राहिला, आणि त्याचा विचार करताना जे हाती लागले ते इतर पालकांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

ही मुलगी म्हणजे माझी भाची. माझी थोरली बहीण लग्नानंतर बेंगळुरूला आली आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने मीही येथे स्थायिक झाले. भाचीचा जन्मच येथला. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत ती वाढली. तिच्या आदराचा विषय असलेले गृहस्थ त्यांच्या प्रभागाचे माजी नगरसेवक. सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरू महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. पद गेले, तरी या गृहस्थांची सकाळची बैठक मोडली नाही. एक मेज, चार खुर्च्या आणि कागदांची कपाटे एवढाच त्यांचा संसार. शिक्षणाने ते वकील. सारी गल्ली त्यांना ‘अण्णा’ म्हणते.

एका पावसाळ्यानंतर नाल्याकाठच्या काही घरांना सरकारी नोटिसा आल्या. कागदावरची भाषा अशी की, वाचणाऱ्याला एवढेच कळावे, आपले घर गेले! बायका रडू लागल्या; कोणी मोर्चाची भाषा बोलू लागले. अण्णांनी प्रत्येक नोटीस मोठ्याने वाचली, तिचा अर्थ साध्या कन्नडात सांगितला, आणि हा पाडापाडीचा हुकूम नसून म्हणणे मांडण्याची संधी आहे, हे समजावून दिले. मग प्रत्येक घराचे कागद गोळा झाले, उत्तरे लिहिली गेली. माझी भाची त्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात चकरा मारत होती. त्या दिवसांपासून तिचा बेत ठरला.

मी स्वतः भाषांतराचे काम करते. एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत नेताना त्याचा जीव जाऊ न देणे, हा माझा रोजचा उद्योग. म्हणूनच त्या गृहस्थांचे काम मला ओळखीचे वाटले. राज्याचा कायदा प्रजेच्या बोलीत आणणे आणि प्रजेचे दुःख कायद्याच्या भाषेत घालून कचेरीत पोचवणे, हेही दुहेरी भाषांतरच होय. चांगला लोकप्रतिनिधी हे रोज करतो.

परंतु घरी वादळ उठले. भाऊजींचा मुद्दा सरळ होता. ‘लोकांची सेवाच करायची, तर त्याला वकिलीची पदवी कशाला?’ त्यांच्या म्हणण्याला या शहरातच मोठा आधार आहे. बुल टेंपल रस्त्यावरील गोखले सार्वजनिक विचार संस्था १९४५ साली डी. व्ही. गुंडप्पा यांनी स्थापन केली. गुंडप्पांपाशी महाविद्यालयात शिकून मिळवलेली पदवी नव्हती. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव त्यांनी संस्थेला दिले, तेही वकील नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक होते. सार्वजनिक कार्याला पदवी लागत नाही, हे खरेच आहे.

पण त्याला दुसरी बाजू आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, हे सर्वांना ठाऊक असते. त्या तळ्याचा वाद पुढे न्यायालयात गेला, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळायला १९३७ साल उजाडले, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. सत्याग्रहाला धैर्य लागले. पुढची दहा वर्षे टिकून राहण्यासाठी धैर्याबरोबर कायद्याचे ज्ञानही लागले. बाबासाहेब आंबेडकरांपाशी दोन्ही होते.

भाऊजींनी मग दुसरा मार्ग सुचवला. कायदाच शिकायचा, तर पुण्याला शिकावा. तेथे नातेवाईक आहेत, भाषा घरची आहे. या सूचनेमागे बेंगळुरूचा एक जुना इतिहास उभा आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

या शहरात केंगल हनुमंतय्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. शांतिनगरच्या बसस्थानकाला जाणारे हजारो लोक रोज ते नाव वाचतात. रामनगरजवळच्या लक्कप्पनहळ्ळी या खेड्यात १९०८ साली त्यांचा जन्म झाला. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि कायदा शिकण्यासाठी पुण्याला गेले. १९३२ साली पुण्याच्या विधी महाविद्यालयातून ते वकील होऊन परतले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, ते घटना समितीचे सभासद झाले आणि १९५२ ते १९५६ या काळात म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री होते. बेंगळुरूचे विधान सौध आज ज्या भव्य रूपात उभे आहे, ते त्यांच्या कल्पनेचे फळ. १९५६ च्या नोव्हेंबरात विशाल म्हैसूर राज्य झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते एस. निजलिंगप्पा. तेही बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. होऊन पुण्यालाच कायदा शिकले. १९२४ साली निघालेल्या त्या महाविद्यालयातून १९२६ साली ते बाहेर पडले, म्हणजे अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होत. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९४१ साली तेथूनच कायद्याची पदवी घेतली. दोन शेजारी राज्यांचा कारभार हाकणारी माणसे पुण्यातील एकाच महाविद्यालयात शिकून गेली, ही गोष्ट सीमेच्या वादात आपण विसरून जातो.

हे सारे ऐकून भाऊजींना आपली बाजू बळकट झाल्यासारखे वाटले. भाची मात्र म्हणाली, ‘मावशी, ते पुण्याला गेले, कारण येथे सोय नव्हती. मला येथे सोय आहे.’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. बेंगळुरूचे सरकारी विधी महाविद्यालय निघाले १९४८ साली. पुढे तर हे शहर कायद्याच्या शिक्षणाचे मोठे केंद्रच बनले. कर्नाटक विधिमंडळाने १९८६ साली केलेल्या कायद्याने नॅशनल लॉ स्कूल स्थापन झाले. प्राध्यापक माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली तेथे पहिली तुकडी बसली, आणि बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची ती वाट पुढे देशभर रूढ झाली. समाजाला उपयोगी पडणारे वकील घडावेत, ही त्यामागील दृष्टी. तथापि तेथील अनेक पदवीधर मोठ्या कंपन्यांची कामे करणाऱ्या वकील-कचेऱ्यांकडे वळले, हेही सर्वश्रुत आहे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. वर्षाला काही लाख रुपये शुल्क भरणाऱ्या कुटुंबाच्या अपेक्षा आणि कर्जाचे हप्ते मुलाच्या मागोमाग चालत असतात.

निकाल लागले, तेव्हा भाचीपुढे तीन वाटा होत्या. नॅशनल लॉ स्कूलला थोडक्यात हुकलेल्या तिच्या क्रमांकावर दूरच्या राज्यातील एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळत होती; तेथे कर्ज काढावे लागणार होते. दुसरी वाट पुण्याची. तिसरी बेंगळुरूतील एका साध्या, जुन्या महाविद्यालयाची. शुल्क बेताचे, नाव फारसे गाजलेले नाही. ताईला दूरचे विद्यापीठ हवे होते. ‘नाव असले की पुढे अडत नाही,’ असे ती म्हणे.

मला त्या वेळी हनुमंतय्यांचेच एक भाषण आठवले. १९४९ साली घटना समितीत संविधानाच्या मसुद्यावर बोलताना त्यांनी तक्रार केली होती की, आम्हांला वीणेचे किंवा सतारीचे संगीत हवे होते आणि येथे ऐकू येते ते इंग्रजी बँडचे. त्याचे कारणही त्यांनी सांगितले होते: घटना करणाऱ्यांचे शिक्षणच तसे झाले आहे. त्या टीकेशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. संविधानाने पुढे जे आधार दिले ते आपण पाहिलेच आहेत. परंतु जेथे शिकावे तेथले सूर आपल्या वाद्यात उतरतात, ही त्यातील जाण मोलाची आहे. आजही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा इंग्रजीतच होते: दोन तास आणि १२० प्रश्न. खालच्या न्यायालयात येणारी मोलकरीण मात्र आपले गाऱ्हाणे कन्नडात किंवा मराठीत सांगते. त्या दोहोंमधले अंतर कोणते महाविद्यालय कमी करील, हे पाहायला हवे.

म्हणून आम्ही तिघींनी बसून काही प्रश्न कागदावर मांडले. महाविद्यालयाचे विधी-साहाय्य केंद्र केवळ पाटीपुरते आहे, की विद्यार्थी तेथे खरोखर लोकांचे अर्ज लिहितात? बार कौन्सिलच्या नियमांनुसार असे केंद्र प्रत्येक महाविद्यालयात असावे लागते. कायदेविषयक सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्या कामाशी विद्यार्थ्यांचा संबंध येतो का? न्यायालय जवळ आहे का? ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे असते का? आणि शेवटचा प्रश्न: पदवी हाती येईल, त्या दिवशी डोक्यावर किती कर्ज असेल? सेवा करू इच्छिणाऱ्याला हा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. कारण कर्जबाजारी माणसाला आपले अशील निवडता येत नाही.

ताईची खरी भीती त्याच रात्री बाहेर पडली. ती म्हणाली, ‘तू ज्यांच्या मागे जातेस, त्यांनी उद्या पक्ष बदलला तर? किंवा तुला वाटतात तसे ते निघालेच नाहीत तर?’ आईच्या तोंडी शोभणारा प्रश्न होता. भाचीने थोडा विचार केला आणि ती म्हणाली, ‘तर मी वकील राहीन.’

या उत्तराने मला या साऱ्या प्रश्नाची किल्ली सापडली. आदर आपल्याला उंबरठ्यापर्यंत नेतो. आत उभे राहायचे ते स्वतःच्या पायांवर. ज्यांचा आपण आदर करतो तीही माणसेच. विधान सौधाच्या खर्चावरून हनुमंतय्यांवर कठोर टीका झाली, आणि इमारत पूर्ण झाली त्याच १९५६ साली स्वपक्षीयांचा विश्वास गमावून त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. केवळ पदाच्या आधारावर जगणारा माणूस तेथेच संपला असता. हे गृहस्थ पुढे बेंगळुरूहून लोकसभेवर निवडून गेले, १९६७ पासून प्रशासन सुधारणा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि राज्यकारभाराची यंत्रणा कशी सुधारावी, यावरील अहवाल त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. खुर्ची गेली, तरी अभ्यास हाताशी राहिला.

भाचीने बेंगळुरूच्या जुन्या महाविद्यालयात नाव घातले. सकाळी वर्ग, आणि दुपारी आठवड्यातून तीन दिवस अण्णांची बैठक. अण्णांनी तिला पहिली अट घातली, ती अशी की, पक्षाचा झेंडा हाती घेण्यापूर्वी सनद हाती घ्यायची. भाऊजींची हळहळ अजून गेलेली नाही, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परमुलखात राहून जे शिकायला मिळते, ते घरी राहून मिळत नाही. हनुमंतय्या आणि निजलिंगप्पा यांना पुण्याने कायद्याबरोबर मोठे जग दाखवले असणार. तीन वाटांपैकी एक घेतली की, उरलेल्या दोन वाटांवरचे गाव पाहायचे राहते.

बेंगळुरूला येणाऱ्या वाचकांनी एकदा विधान सौधासमोर उभे राहून पाहावे. एका बाजूला कायदे करणारे सभागृह, आणि रस्त्यापलीकडे त्यांचा अर्थ लावणारे उच्च न्यायालय, जुन्या लाल अठारा कचेरीत. दोन्ही वास्तू भव्य आहेत. पण त्या दोहोंमधल्या रस्त्यावरून हातात एखादा न समजलेला कागद घेऊन माणसे रोज जात असतात. तो कागद थांबून, नीट वाचून, अर्थ सांगणारे कोणीतरी त्यांना हवे असते. आपल्या घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला ते काम करावेसे वाटले, तर ‘नाव कोणत्या महाविद्यालयाचे?’ या प्रश्नाआधी आपण एवढेच विचारावे: ‘तेथून बाहेर पडताना तू त्या माणसाजवळ येशील, की त्याच्यापासून दूर जाशील?’