शेवटच्या नळाचे पाणी

चि. सौ. ताईस,

वि. वि. पत्र पोचले. ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वापाठोपाठ गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपदही वाट्याला आल्याचे वाचून घरी सर्वांना फार समाधान वाटले. पहिल्या मासिक बैठकीत आजारांविषयी कोणी फारसे बोलले नाही; नळाच्या पाण्याला येणारा वास, गटारावरचे डास आणि एका घराने दुसऱ्याच्या विहिरीलगत घातलेला उकिरडा यांतच सारा वेळ गेला, आणि आरोग्य समितीचे काम एवढेच असते काय, अशी शंका पत्राच्या शेवटी आली आहे. शंका मनापासूनची आहे, म्हणून तिचे उत्तरही सविस्तर द्यायला हवे. समितीचे मुख्य काम हेच आहे, आणि ते नीट करणाऱ्या समित्या फार थोड्या असतात.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे तिचे कागदावरचे पूर्ण नाव. 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावपातळीवर अशी समिती असावी असे ठरवले; निवडून आलेल्या सदस्यांबरोबर आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि प्रत्येक वस्तीतले रहिवासी तिच्यात असावेत, निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, अशी अपेक्षा ठेवली आणि तिच्या हाती ‘अबंधित निधी’ दिला. अबंधित निधी म्हणजे ज्याची खर्चाची बाब वरून ठरवून दिलेली नसते असा पैसा. मूळ रचनेत तो महसुली गावाला वर्षाकाठी 10,000 रुपयांपर्यंत होता. रक्कम लहान आहे. पण गावाने आपली निकड आपण ओळखावी आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नये, हा त्यामागचा विचार मोठा आहे.

तो रुजायला शंभराहून अधिक वर्षे गेली. मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा 1889 सालीच झाला होता, आणि गावात स्वच्छतेसाठी समित्या नेमण्याची सोयही त्यात होती; परंतु त्या व्यवस्थेत वरून हुकूम सुटत आणि खाली ते पाळले जात वा टाळले जात, गावाचे गाऱ्हाणे वर पोचण्याची वाट मात्र अरुंदच राहिली. पुढे 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी या पद्धतीचे टोक दिसले. सोल्जरांनी घेतलेल्या घरझडत्या, सक्तीने केलेले विलगीकरण आणि घरातल्या चीजवस्तूंची नासधूस यांनी लोक इतके धास्तावले, की ते रुग्ण लपवू लागले, म्हणजे ज्या माहितीवर साथ ओळखायची आणि अडवायची तीच अधिकाऱ्यांपासून दूर गेली. 22 जूनच्या रात्री या प्लेगबंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हा त्या संतापाचा सर्वांना ठाऊक असलेला शेवट आहे. लोक बोलायचे थांबले की आरोग्ययंत्रणा आंधळी होते, हा त्या वर्षाचा धडा मात्र तितकासा सांगितला जात नाही. 1946 च्या भोर समितीने प्रत्येक गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी अशी शिफारस केली. 1970 साली जामखेडला काम सुरू करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावकऱ्यांना त्यांची निकड विचारली तेव्हा दवाखान्याच्या आधी पाणी आणि अन्न यांची नावे पुढे आली, आणि त्यांनी ते उत्तर बाजूला न सारता कामाची सुरुवातच तिथून केली. गावातल्या बायका नळाच्या वासाविषयी बोलल्या, तेव्हा त्या आरोग्याविषयीच बोलत होत्या.

आता त्या वासाविषयी. ‘पाण्याला वास येतो’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या, किंबहुना परस्परविरुद्ध तक्रारी दडलेल्या असू शकतात, आणि इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, त्या एकाच ओळीत लिहिल्या गेल्या की पुढचे सगळे काम चुकते. एक वास औषधाचा, म्हणजे पाणी शुद्ध करण्यासाठी टाकायच्या टीसीएल पावडरीतल्या क्लोरीनचा असतो. दुसरा गटाराचा असतो. म्हणून तक्रार करणाऱ्या बाईला वास कसला येतो, कोणत्या गल्लीत येतो आणि पाणी सुटल्या सुटल्या येतो की शेवटपर्यंत राहतो, हे तीन प्रश्न तिथेच विचारायला हवेत. पाणी सुटल्यावर पहिल्या दोन-चार हंड्यांना घाण वास आणि नंतर पाणी स्वच्छ, असे उत्तर आले तर दोष बहुधा टाकीत नसून वाटेवरच्या पाइपात असतो. गावात पाणी दिवसातून थोडाच वेळ सुटते. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो, आतली पोकळी बाहेरचे पाणी ओढून घेऊ लागते, आणि पाइप गटारातून गेलेला असून त्याला बारीक चीर वा सैल जोड असेल तर गटाराचे पाणी आत शिरते व दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यातून घरात येते. इथे टीसीएल वाढवून भागत नाही, गळती शोधून बुजवावी लागते आणि जमेल तिथे पाइप गटारातून उचलून घ्यावा लागतो.

औषधाच्या वासाची तक्रार याहून नाजूक आहे. ती बहुतेक वेळा टाकीजवळच्या घरांतून येते, कारण क्लोरीनची तीव्रता तिथे सर्वाधिक असते. त्या घरांची माणसे बैठकीत पुढे बसतात, त्यांचा शब्द ऐकला जातो, आणि पाणी सोडणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून मूठभर पावडर कमी टाकू लागतो. तक्रार मिटते. पण क्लोरीन वाटेत जंतू आणि घाण यांच्याशी झुंजताना खर्ची पडत जातो, त्यामुळे टाकीजवळचा वास गेला की गावाच्या टोकाला असलेल्या नळापर्यंत क्लोरीन मुळीच पोचत नाही. आणि टोकाची वस्ती कोणाची असते हे महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुढच्या गल्लीची सोय अशी मागच्या वस्तीतल्या लेकराच्या हगवणीत उतरते, आणि इतिवृत्तात मात्र ‘तक्रारीचे निवारण झाले’ एवढेच राहते. दैनंदिन तक्रारी हाताळताना घडणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे, कारण तो कोणाच्याही मनात नसताना घडतो.

त्यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला कोणाच्या मर्जीची गरज नाही. ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे थेंब पाण्यात टाकून क्लोरीन पाहण्याची रीत, आरोग्य सेवकाला आणि जलसुरक्षकाला ठाऊक असते; जलसुरक्षक म्हणजे पाणी शुद्धीकरण आणि नमुने यांसाठी ग्रामपंचायतीने नेमलेली व्यक्ती. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि पहिल्या दहा सेकंदांत रंग पाहायचा; पिवळी झाक आली तर पाण्यात मोकळा क्लोरीन शिल्लक आहे, पाणी तसेच नितळ राहिले तर नाही. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा लागतो. ही चाचणी टाकीखाली उभे राहून केली तर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. ती गावाच्या शेवटच्या नळावर, त्या वस्तीतल्या दोन बायकांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, आणि पिवळा रंग दिसला की नाही हे त्यांनीच पुढच्या बैठकीत सांगायला हवे. औषधाच्या वासाने हैराण झालेल्या पुढच्या गल्लीलाही मग हंडा भरून तासभर ठेवून पाणी वापरण्याचा सल्ला देता येतो, कारण तेवढ्या वेळात जंतू मरतात आणि वासही बराच कमी होतो.

पावडरीचेही असेच आहे. ताज्या टीसीएलमध्ये वापरता येण्याजोगा क्लोरीन वजनाच्या सुमारे 33 टक्के असतो, पण पोते उघडे राहिले, ओलाव्यात वा उन्हात पडले की तो उडून जातो, आणि 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर शुद्धीकरणाला अयोग्य मानतात. तरी ती दिसायला पांढरीच असते आणि टाकणाऱ्या माणसाला आपण कर्तव्य केल्याचे समाधान देते. म्हणून अबंधित निधीतला पहिला खर्च घट्ट झाकणाच्या पिंपावर आणि ओटीच्या बाटल्यांवर झाला तर तो सत्कारणी लागला असे समजावे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या सर्वेक्षणात पाण्याच्या स्रोतांभोवतीचा धोका पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ते कपाटात न ठेवता चावडीवर लावावे.

डासांच्या तक्रारीत लोकांची मागणी ठरलेली असते: धूरफवारणी करा. धुराचे यंत्र आले, आवाज झाला, गल्ली पांढरी झाली की काहीतरी केल्यासारखे वाटते, हे खरे. पण धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तो गटारात क्वचितच वाढतो. घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, टाकून दिलेल्या टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ म्हणूनच सांगितला जातो. लोकांना त्याचे कारण शब्दांत पटत नाही. तक्रार करणाऱ्याच्याच घरच्या रांजणातले पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन वळवळणारी अळी दाखवली की पटते. मात्र हे करताना त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नये. गटारावरचे डास वेगळे, त्यांना गटार वाहते करणे आणि साचलेल्या डबक्यात गप्पी मासे सोडणे हा उपाय.

उकिरड्याचा प्रश्न आरोग्याचा कमी आणि भाऊबंदकीचा जास्त असतो. विहीर आणि घाण यांत किमान 15 मीटर अंतर असावे, हा संकेत समितीने दोन्ही घरांपुढे ठेवावा आणि टेपाने मोजून दाखवावा. मापाशी भांडण करणे माणसाला जड जाते. समितीला दंड करता येत नाही, तो अधिकार ग्रामपंचायतीचा आहे, आणि तो वापरण्याआधी उकिरडा हलवायला जागा आहे काय, शेणखताची सोय दुसरीकडे कशी लागेल, हे पाहायला हवे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी अशा घरांना उपयोगी पडते, कारण थोड्या शेणात पुष्कळ खत होते आणि उकिरड्याची गरजच उरत नाही.

काही तक्रारी समितीच्या आवाक्याबाहेरच्या निघतील. उपकेंद्राला कुलूप असते, आरोग्य सेविकेचे पद रिकामे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नाही, अशा गोष्टी गावाच्या पैशाने सुटत नाहीत आणि सोडवूही नयेत. त्या तारखेनिशी लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवाव्यात आणि पोच घ्यावी. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्यात जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर उघड सभेत गाऱ्हाणी मांडून उत्तर मागण्याची रीत वापरली गेली. तिथे तारीख आणि पोच ज्यांच्या हातात होती त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते. आशाताईवर मात्र प्रत्येक तक्रारीचे ओझे टाकू नये, ती आधीच पुष्कळ वाहते.

आणखी एक सुचवायचे आहे. नोंदवहीत तक्रारीसमोर ‘कार्यवाही’ हा रकाना सगळीकडे असतो. त्याच्या पुढे ‘तक्रारदाराला कोणी, कधी सांगितले’ असा एक रकाना हाताने आखून घ्यावा. काम झाले नसले तरी ते का झाले नाही हे त्या घरी जाऊन सांगावे. माणूस दुसऱ्यांदा बोलायला येतो तो या रकान्यामुळे.

पुरवठ्याच्या विहिरीचा व्यास आणि सध्याची पाण्याची खोली दोरीने मोजून मीटरमध्ये उलट टपाली कळवावी. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर विहिरीत सुमारे 37,700 लिटर पाणी भरते, आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने साधारण 94 ग्रॅम चांगली पावडर लागते. खरी मापे आली की त्याप्रमाणे तक्ता करून पाठवता येईल. शेवटच्या नळावर रंग आला की नाही, तेही लिहावे.

कळावे.
मामांचे आशीर्वाद