उस्मानपुऱ्यातला 'यूल'

मुलांनो, दुपारचे पावणेतीन वाजलेत आणि बाहेर सूर्य मावळतोय, अशी कल्पना करून बघा! स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, डिसेंबरच्या अखेरीला अगदी असंच होतं. सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास, म्हणजे दिवस जेमतेम सहा तासांचा! म्हणून तिकडे हिवाळाभर खिडक्याखिडक्यांत दिवे लावतात आणि नाताळची, त्यांच्या भाषेत 'यूल'ची, वाट पाहतात.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडेच असते. डिसेंबर २०२४ मध्ये ती, जावईबापू, अकरा वर्षांची भाची आणि चार वर्षांचा भाचा असे चौघे छत्रपती संभाजीनगरला, आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आले. मुक्काम संक्रांतीपर्यंत. त्यासाठी भाचीने शाळेतून आठवडाभराची जादा रजा मागून घेतली होती. आल्या आल्या दोघं मुलं अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गच्चीवर उन्हाला बसली. आम्ही आपले कानटोपीत!

पहिल्याच दिवशी गंमत झाली. भाचा आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, मागे मागे फिरत "मुरमुर, मुरमुर" म्हणू लागला. आईने लगबगीने डबा काढून त्याला वाटीभर मुरमुरे दिले. त्याने ते खाल्ले आणि पुन्हा "मुरमुर!" तिसऱ्या वाटीला बहिणीला हसू आवरेना. अहो, स्वीडिश भाषेत मुरमुर म्हणजे आईची आई! 'मुर' म्हणजे आई, 'फार' म्हणजे वडील. वडिलांची आई ती फारमुर. आईची बहीण मुस्तर, वडिलांची बहीण फास्तर. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू सगळ्यांना एकाच 'आंटी'त कोंबतात. स्वीडिशमध्ये मात्र आपल्यासारखाच चोख हिशेब. मी मामा, म्हणून मुरब्रुर. हे नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.

भाची मात्र गप्प गप्प असायची. त्या उन्हाळ्यात तिची फारमुर वारली होती. यूलच्या दिवशी तांदळाची खीर दरवर्षी फारमुरच करायची. या वर्षी ती कोण करणार, हा प्रश्न घरात कुणी काढला नव्हता. तो भाचीनेच परस्पर सोडवला होता. फारमुरच्या हातचा, दुधाचे डाग पडलेला कृतीचा कागद तिने वहीत घालून आणला होता.

स्वीडनमध्ये खरा सण २५ ला नव्हे, २४ डिसेंबरला संध्याकाळी असतो. त्या दिवशी सकाळी मी आणि भाची पीर बाजारात जाऊन दालचिनी घेऊन आलो. तिकडचा तांदूळ आखूड, चिकट. आपल्याकडचा आंबेमोहर तिने चिमटीत धरून पाहिला आणि मान डोलावली. मग मंद आचेवर दुधात तांदूळ, चवीला मीठ, दालचिनीचा तुकडा आणि पाऊण तास ढवळणं. आई शेजारी उभी. एवढी खीर उकळतेय आणि आपण त्यात काही घालायचं नाही! तिने वेलदोड्यांची डबी काढली, कागदाकडे पाहिलं, डबी परत फडताळात ठेवली. मला वाटतं, त्या दिवशी आईने केलेलं सगळ्यात अवघड काम हेच.

तिकडे यूलच्या जेवणात डुकराचं मांस आणि खारवलेले मासे हवेतच. आमच्या घरी ते चालत नाही, म्हणून जावईबापूंनी मासळीवाचून बटाटा, कांदा आणि साय ओव्हनमध्ये भाजली. आल्या-लवंगांची पातळ बिस्किटं त्यांनी तिकडूनच आणली होती. ती तळहातावर ठेवून बोटाने दाबायची, बरोबर तीन तुकडे झाले तर मनातली इच्छा पुरी होते. बाबांनी सात बिस्किटं मोडली.

साडेसातला भाची घड्याळाकडे पाहून म्हणाली, "आता तिकडे तीन वाजले." दर २४ डिसेंबरला दुपारी तीनला स्वीडनमधली घरंच्या घरं टीव्हीवर डोनाल्ड डकची चित्रफीत बघायला बसतात. फारमुरच्या घरी खीर त्याच वेळी चुलीवर असायची.

खिरीत एकच अख्खा बदाम घालतात. तो ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्षभरात लग्न! वाट्या भरल्या, सगळे जपून चावू लागले. बदाम निघाला आईच्या तोंडातून. बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाशी?" भाचीला बहिणीने ते स्वीडिशमध्ये समजावलं आणि ती ठसका लागेपर्यंत हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

स्वीडनमध्ये यूलला गवताचा बोकड करून लाल फितीने बांधतात. येव्ले नावाच्या गावात (आपलं येवला नव्हे हं!) १९६६ पासून चौकात भला थोरला बोकड उभारतात आणि दुष्ट लोक तो कितीदा तरी जाळूनही टाकतात. आमचा बोकड बाबांनी गव्हाच्या काडाचा केला. तो वाळवीपर्यंत टिकेल, असं त्यांचं म्हणणं.

तिकडचा यूल संपतो विसाव्या दिवशी, १३ जानेवारीला, 'क्नूत'च्या दिवशी. त्या दिवशी मुलं झाडावर टांगलेला खाऊ लुटतात आणि झाड घराबाहेर काढतात. आणि आपल्याकडे १३ जानेवारीला काय? भोगी! म्हणून सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांगी-गाजर-सोलाण्यांची भाजी. संध्याकाळी कुंडीतल्या झाडाची लूट. गल्लीतली पोरं कुठल्या सणाला आलोय हे न विचारताच आली.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीला भाच्याचं बोरन्हाण झालं. काळा सदरा, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, गोळ्या आणि मुरमुरे. पोरांनी झडप घातली. भाची मोठी म्हणून आधी बाजूला उभी होती. मग आईने तिच्या हातात सूप दिलं आणि उरलेले मुरमुरे भावाच्या डोक्यावर तिनेच ओतले.